यादीत नसलेला माणूस

तो माणूस आमच्या बसमध्ये कुठे चढला, हे मी आजही नक्की सांगू शकते. रास अल खैमाच्या अलीकडे, हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर. जानेवारीतला शनिवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते आणि धुकं इतकं दाट होतं की पंपाचे दिवे नुसते हवेत टांगल्यासारखे दिसत होते.

आम्ही चौदा जण होतो. सगळे मराठी, बहुतेक शारजात राहणारे. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. नवरा दुबई मरीनाच्या एका ऑफिसात आहे. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये बसून शनिवारी पहाटे उठायची ताकद त्याच्यात उरत नाही, म्हणून माझ्याबरोबर आमची नववीतली मुलगी आली होती, तीही तोंड वाकडं करून. मे महिन्यात आमच्या ग्रुपचं हिमालयात जायचं ठरलं होतं. फार मोठं काही नाही. उत्तराखंडातली एक टेकडी, सकाळी चढायची, वरून बर्फाची शिखरं बघायची आणि संध्याकाळच्या आत खाली. पण लिफ्टच्या सवयीच्या आम्हा लोकांना तेही झेपेल की नाही या शंकेने आमच्या लीडरने आधी इथल्या डोंगरांत सराव लावला होता. लीडर म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले एक इंजिनिअर. शिस्तीचा माणूस. चौदा नावांची यादी त्यांच्या फोनमध्ये होती, वर तिची प्रिंट काढून क्लिपबोर्डला लावलेली.

पंपावर सगळे इथला कडक, दुधाळ 'करक' चहा प्यायला उतरले. मुलगी माझ्या मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती, म्हणून मी बसमध्येच थांबले. तेवढ्यात दारातून एक माणूस आत डोकावला.

"मराठी ना तुमी?"

"हो."

"डोंगरावर चाललाय?"

मी पुन्हा हो म्हटलं. तो आत आला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला, जणू ती जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. मला वाटलं, लीडरने बोलावलेला कुणी असेल. लीडर चढले, त्यांनी आमच्याकडे एक नजर टाकली, "सगळे आले? यल्ला, चला," म्हणाले आणि बस निघाली. मोजणी त्यांनी शारजात निघतानाच केली होती.

तो फारसा बोलका नव्हता. खेडच्या आतल्या बाजूचं कुठलंसं गाव सांगितलं. काँक्रीटचे साचे ठोकणारा शटरिंग कारपेंटर म्हणून इथे बारा वर्षं काढली होती. "आता खलास," म्हणाला. "पुढच्या महिन्यात गावाला. कायमचा."

"मग सुट्टीचा आराम सोडून डोंगर कशाला चढताय?"

"वर एकदा जायचं राहिलंय, ताई."

मग तो काचेबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. नाव विचारायचं मला सुचलं नाही. ताई म्हणून हाक आली की आपल्याकडे पुढचं काही विचारायची गरज वाटत नाही. मी त्याचे हात पाहिले, एवढं आठवतं. डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं आणि काळं होतं. पायात सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोपी असते तसले. धाटणी जुनी, पण चामड्यावर एक सुरकुती नव्हती.

सव्वासातला आम्ही चालायला लागलो. सुरुवातीला वादीचं, म्हणजे पावसाळी ओढ्याचं, कोरडं पात्र, त्यात नारळाएवढे गोटे, मधूनच एखादं बाभळीसारखं काटेरी झाड धुक्यातून अचानक समोर यायचं. दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. लीडर पुढून शिट्टी वाजवायचे, आम्ही शिट्टीच्या दिशेने चालायचो. माझे गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे मी शेवटी पडले. माझ्या मागे फक्त तो होता.

त्याच्या पावलांचा आवाज मला येत होता. मी थांबले की तोही थांबायचा, पण लगेच नाही. माझं पाऊल थांबल्यावर मागे आणखी दोन पावलं वाजायची आणि मग शांत व्हायचं. दरीत आवाज घुमतो, हे मला कळत होतं. तरी तिसऱ्या-चौथ्या वेळेला मी वळून बघितलं. तो हात कंबरेवर ठेवून उभा होता आणि त्याची मान खालच्या वाटेकडे वळलेली होती, कुणी मागे राहिलं असावं तशी.

"कुणी आहे का मागे?" मी विचारलं.

"तुमी व्हा पुढं, ताई. आम्ही येतो मागून."

आम्ही. माझ्या वडिलांचे एक मित्र स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही'च म्हणायचे, कितीतरी माणसं म्हणतात. मी पुढे झाले, पण तो सगळा चढ न थांबता चढले.

दोन तासांनी एक सोडून दिलेलं गाव लागलं. सात-आठ दगडी घरं, अर्धी जमिनीत गाडल्यासारखी. दारं कमरेएवढी. लीडरनी आधीच वाचून ठेवलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. पूर्वी इथली माणसं हिवाळ्यात वर राहायची आणि उन्हाळ्यात घराला भक्कम कुलूप घालून समुद्राकडे उतरायची. धान्याचे मोठमोठे मातीचे रांजण आधी जागेवर ठेवायचे आणि मग त्यांच्याभोवती घर बांधायचं. रांजण दारापेक्षा मोठा, त्यामुळे कुणी चोरून नेऊ शकायचं नाही. माणसं कधीच गेली. रांजण काही घरांत अजून आहेत.

मुलीने फोनचा टॉर्च लावून एका दारातून आत बघितलं. मीही तिच्या खांद्यावरून वाकले. कोपऱ्यात रांजण होता. त्या उजेडात तो गुडघे जवळ घेऊन बसलेल्या माणसासारखा दिसला.

"आत नको जाऊ, बाळ," मागून आवाज आला. तो कधी जवळ आला होता, कळलंच नाही.

"व्हाय?" मुलीने विचारलं.

"गार असतं फार. आम्ही दुपारचे जेवून इथंच पडायचो, टॉवरच्या टायमाला. उठायला नको वाटायचं."

त्याने वर बोट दाखवलं. वर फक्त धुकं होतं. पण अर्ध्या तासाने आम्ही धुक्यातून डोकं बाहेर काढावं तसे उन्हात आलो आणि माथ्यावर खरंच मोबाईलचा एक टॉवर उभा होता.

माथ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. तिथून एरवी समुद्र दिसतो, रस्ते दिसतात, गावं दिसतात म्हणे. त्या दिवशी खाली काहीच उरलं नव्हतं. चारी बाजूंना धुक्याचा सपाट पांढरा पसारा आणि त्यातून वर आलेले डोंगरांचे काळपट कणे. खूप सुंदर होतं, सगळे तसं म्हणत होते. मला मात्र तिथे उभं राहवेना. कारण खालून आवाज येत होते. कुत्रं भुंकत होतं. कुठल्यातरी खाणीत ट्रक मागे घेताना वाजतं ते टीं-टीं ऐकू येत होतं, अगदी पायाखाली असल्यासारखं. आणि दिसत मात्र काहीच नव्हतं.

फोटो सुरू झाले. "द्या, मी काढतो," म्हणत त्याने लीडरचा फोन घेतला, मग आणखी कुणाकुणाचे. त्याने मनापासून काढले. कुणाला पुढे सरकायला सांगितलं, कुणाला टोपी काढायला लावली. मी म्हटलं, "तुम्हीपण या ना एका फोटोत."

"नको ताई. आमचा फोटो बरा येत नाही."

मग सगळे खायला बसले. तो टॉवरच्या पलीकडे, दरीच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून बसला होता. मी पोळी-भाजीचा एक रोल फॉइलमध्ये गुंडाळून त्याला नेऊन दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

"ताई, पाणी जास्तीचं आहे?"

माझ्याकडे एक न उघडलेली बाटली होती, ती दिली. तेव्हा पाहिलं, त्याने बूट काढून शेजारी ठेवले होते. टाचेला टाच लावून, लेस आत खोचून, टोकं दरीकडे करून. चढून आल्यावर पाय मोकळे करायला आपणही बूट काढतो. मी परत येऊन मुलीशेजारी बसले.

निघताना धुकं वर चढायला लागलं. बघता बघता ते टॉवरच्या पायथ्याशी आलं. लीडर घाई करायला लागले. त्यांनी मोजलं, "चौदा. चला, चला!" आणि आम्ही उतरू लागलो. या वेळी मुलगी माझा हात धरून होती, त्यामुळे माझं सगळं लक्ष पायांकडे होतं. मागे कुणी आहे असं मी धरूनच चालले होते. गावाजवळ पोचल्यावर मी थांबले. मागे पावलं वाजली नाहीत.

बसमध्ये लीडरनी यादी घेऊन पुन्हा मोजलं. चौदा नावं, चौदा माणसं. त्यांनी क्लिपबोर्डवर टिक केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो भाई."

"थांबा," मी म्हटलं. "तो माणूस यायचाय."

"कोण माणूस?"

"माझ्या शेजारी बसलेला. फोटो काढले तो."

लीडरनी यादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तो तुमच्या ओळखीचा ना?"

"माझ्या? मला वाटलं तुम्ही बोलावलाय."

कुणाला वाटलं होतं तो ड्रायव्हरचा सोबती आहे. कुणाला वाटलं वाटाड्या आहे. ड्रायव्हर पठाण होता, मला बाजी, म्हणजे ताई म्हणायचा. तो म्हणाला, "मेरे साथ कोई नहीं था, बाजी. मैं समझा आपका आदमी है." आणि दोघं-तिघं असेही निघाले, ज्यांनी असा माणूस पाहिलाच नव्हता. पुण्याच्या एक बाई, ज्यांचे चार फोटो त्याने काढले होते, त्या म्हणाल्या, "फोटो कुणीतरी काढत होतं खरं. पण आपल्यापैकीच कुणी असेल ना?"

लीडरनी फोन उघडून फोटो बघायला सुरुवात केली. एकूण सत्तर-ऐंशी फोटो. सगळे होते. तो एकातही नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले. त्यांचा आवाज समजूत घातल्यासारखा झाला होता. "आपले चौदाच्या चौदा आहेत. तो कुणी असेल, तर आपल्या वाटेने गेला असेल. इथे इतके लोक येतात."

"इथे आज आपल्याशिवाय कुणी आलं नव्हतं."

"मग काय करायचं म्हणता? पुन्हा वर जायचं, या धुक्यात? आणि कुणासाठी, ते तरी सांगा."

मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात मुलगी माझ्या शेजारच्या सीटखाली वाकली. "आई, लुक." तिच्या तळहातावर काळ्या रबराचे चार-पाच चुरे होते. "इट्स फ्रॉम हिज शूज. दे वेअर फॉलिंग अपार्ट. आय सॉ इट ऑन द ट्रेल ऑल्सो."

मी रंगांच्या लॅबमध्ये काम करते, रबर आणि प्लास्टिक कशाने मरतं हे मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलेल्या बुटाचा तळवा आतून कुजतो. वरून कोरा दिसतो आणि चालायला लागलं की बिस्किटासारखा झडतो. म्हणजे तो अशा बुटांनी वर गेला होता आणि खाली येण्यासाठी त्याच्या पायात काही उरलं नव्हतं.

मी पोलिसांना फोन केला. लीडर माझ्याशी बोलायचे थांबले.

पोलिसांची गाडी वीस मिनिटांत आली. तरुण अधिकारी होता, नीट ऐकून घेत होता. नाव? माहीत नाही. फोन नंबर? नाही. कंपनी? नाही. "दिसायला कसा?" त्याने इंग्रजीत विचारलं. अर्धा तास शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा मला आठवत नव्हता. कपाळ, नाक, मिशी होती की नव्हती, काहीच नाही. हात आठवत होते. आवाज आठवत होता. "नख," मी म्हटलं. "डाव्या अंगठ्याचं नख." त्याने तेही लिहून घेतलं.

ढगांमुळे हेलिकॉप्टर लगेच उडू शकत नव्हतं. त्यांची दोन माणसं पायी वर गेली. आम्हाला घरी जायला सांगितलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस सापडला नव्हता. बूट सापडले होते. त्याने फोटो पाठवला. दरीच्या कडेला, टाचेला टाच लावून, लेस आत खोचून, टोकं दरीकडे करून, मी पाहिले होते तसेच. हेच का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. पुढचे दोन दिवस ते दरीत शोधत होते. काहीच मिळालं नाही. कपड्याची चिंधीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे झालं, त्याची मला त्या डोंगरापेक्षा जास्त भीती वाटली. आधी दोन दिवस शांतता. मग कुणीतरी लिहिलं की आपल्या ऑफिसातल्या एका जुन्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, तो टॉवर उभा करताना तिथून एक मराठी मजूर पडून गेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी. बस्स. तासाभरात सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. पुण्याच्या बाईंना आठवलं की फोन परत घेताना त्याचा हात गार लागला होता. एकांना आठवलं की त्याची सावली पडत नव्हती. ज्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं त्यांना आता तो आपल्याला का दिसला नाही, तेही समजलं. लीडरनी लिहिलं, "म्हणजे आपण चौदाच होतो," आणि हात जोडल्याची खूण टाकली. सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला त्या स्क्रीनवर दिसत होतं. माणूस मागे राहिला असता तर आपण त्याला सोडून आलो असतो. भुताला कुणी सोडून येत नाही.

आणि मीही डळमळले, हे कबूल करायला हवं. बुधवारी लॅबमध्ये नमुने तपासता तपासता मी मनाशी जुळवत होते. मी त्याला पोळी दिली, पण खाताना पाहिलं नव्हतं. पावलं दोन जास्त वाजत होती. तो 'आम्ही' म्हणाला होता. 'वर एकदा जायचं राहिलंय' म्हणाला होता. फोटो बरा येत नाही म्हणाला होता. चेहरा नाही. कोरे पण जुने बूट. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी मिक्सर घरघरत होते, आणि माझ्या हातावर काटा आला होता.

संध्याकाळी मी हे नवऱ्यासमोर बोलून दाखवलं. तो काही म्हणायच्या आत मुलगी तिच्या खोलीतून एक टिश्यू पेपर घेऊन आली. त्यात ते चुरे तिने जपून ठेवले होते. "घोस्ट्स डोन्ट शेड रबर, आई," ती म्हणाली आणि पेपर माझ्यासमोर टेबलावर ठेवून गेली.

नवऱ्याने एक चुरा उचलून बोटांत चिरडून बघितला. मग म्हणाला, "शनिवारी जाऊ या त्या पंपावर."

पंपावरच्या चहावाल्या मल्याळी माणसाला विचारायला मला दोन मिनिटं लागली. मराठी आहे, शटरिंगचं काम करतो, डाव्या अंगठ्याचं नख काळं. तो चहा ओतता ओतता म्हणाला, "हां, हां. वो तो इधरीच कैंप में रहता है." आणि मागच्या रस्त्याकडे मान उडवली. पोलिसांनी पंपावर विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, तो म्हणाला, त्या दिवशी दुसरा माणूस ड्यूटीवर होता.

लेबर कॅम्पच्या गेटवर वॉचमनने नाव विचारलं. मी पुन्हा नखाचंच सांगितलं. तो हसला, पण आत घेऊन गेला. एका खोलीच्या दारात आम्ही उभे राहिलो. आत दोन मजली पलंग, दोरीवर कपडे, आणि पाच माणसं आमच्याकडे बघत होती. पाचही जण साधारण त्याच वयाचे, त्याच अंगलटीचे. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि प्रत्येक चेहरा तोच असू शकत होता. मी काय बोलायचं? तुमच्यातला कोण माझ्या शेजारी बसला होता, असं विचारायचं?

"ताई?" खिडकीजवळच्या पलंगावरून आवाज आला. "तुमी इकडं कुठं?"

त्याचे दोन्ही पाय बँडेजमध्ये होते. मी दारातच बसले. मग ओरडले, मोठ्याने, परक्या माणसांच्या खोलीत. "अहो, कुठे गेला होतात तुम्ही? पोलीस शोधतायत तुम्हाला! आम्ही समजलो..."

तो इतका घाबरला की उठून उभाच राहिला, दुखऱ्या पायांवर. "मला? पोलीस कशाला? ताई, मी काय केलं?"

त्याच्या सोबत्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला. त्याने सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी तो आणि त्याच्या गावचा एक मित्र त्या टॉवरच्या कामावर होते. पलीकडच्या वादीतून तेव्हा कामाची एक वाट होती. मित्र कड्यावरून घसरला आणि गेला. त्याच आठवड्यात कंपनीने दोघांना नवे बूट दिले होते, मित्राने अजून घातले नव्हते. सामान गावाला पाठवताना ते बूट खोलीतच राहिले. पुढे ते पाठवायला ह्याला धीर झाला नाही आणि फेकवेनातही. पेटीत राहिले. आता कायमचं जायचं, तर ते इथे कुणाच्या पायात जायला नकोत, म्हणून जिथून तो गेला तिथे ठेवून यायचे असं त्याने ठरवलं होतं. "हातात घेऊन चढलो असतो तर कुणी विचारलं असतं. म्हणून घातले. एवढे झडतील वाटलं नव्हतं. आणि उतरताना पायात काय, तेही सुचलं नाय."

बूट ठेवून तो पलीकडच्या जुन्या वाटेने उतरला, अनवाणी, पायांना पिशवीचं प्लास्टिक बांधून. अर्ध्या वाटेवर एका बकऱ्यावाल्याने त्याला पिकअपमध्ये घेतलं. दुपारी दोनला तो खोलीवर होता. म्हणजे मी पोलिसांना रडत रडत नख सांगत होते, तेव्हा तो इथे पाय गरम पाण्यात घालून बसला होता.

"पण निघताना एका शब्दाने सांगायचं तरी," माझा नवरा म्हणाला.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी तुमच्या यादीत कुठं होतो? माझी वाट कोण बघेल असं डोक्यातच नाय आलं, ताई."

मी तिथूनच त्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्याने त्याच्याशी हिंदीत बोलून घेतलं, नाव-नंबर लिहून घेतले, आणि मला शेवटी म्हणाला, "अल्हमदुलिल्ला, मॅडम. बरं झालं." बूट परत हवेत का, असंही त्याने विचारलं. कारपेंटर म्हणाला, जिथे होते तिथे परत ठेवता आले तर बरं. अधिकारी म्हणाला, इन्शाल्ला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. तो जिवंत आहे, पाय बरे होतायत, येत्या महिन्यात गावी जातोय. दोन अंगठे आले. एकाने लिहिलं, "गुड न्यूज." लीडर रात्री घरी आले, दारातच उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं," आणि आत न येता गेले. लीडरबद्दल मला नंतर कधीही राग आला नाही. तो कारपेंटर महिन्याने गावाला गेला. विमानतळावर जाताना त्याने मला फोन केला, आमचं बोलणं पाच मिनिटंही झालं नसेल.

मे महिन्यात मी हिमालयात गेले. टेकडी सोपी होती, बुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं, स्वच्छ हवा, आणि वर पोचल्यावर समोर शिखरांची अख्खी रांग, हात लावावा इतकी जवळ. मुलगी म्हणाली, "वर्थ इट." मी मात्र सारखी मागे वळून वाटेवर कोण राहिलंय ते बघत होते, आणि शेवटी आमचं सामान आणणारा खेचरवाला वर येऊन बसल्यावरच शिखरांकडे तोंड केलं.

गेल्या दिवाळीत शारजातल्या एका फराळाच्या कार्यक्रमात एक नवी आलेली बाई माझ्या शेजारी बसली होती. जूनमध्ये नाशिकहून आली होती, डोंगरांची हौस होती. तिने मला विचारलं, "तुम्ही त्या भुताच्या डोंगरावर गेलाय का हो?" मग तिने मला सगळी गोष्ट सांगितली. एक मराठी मजूर, सावली नसलेला, धुक्यातून येतो, फोटो काढतो, त्याचा स्वतःचा फोटो येत नाही. बूट मागे ठेवतो. आणि ग्रुपमधली एक बाई म्हणे त्यानंतर थोडी बिघडली, तिला तो नंतरही दिसायचा, ती त्याला शोधत लेबर कॅम्पपर्यंत गेली होती.

"ती बाई मी," मी म्हटलं. "तो खेडजवळच्या गावात आहे. आंब्याची कलमं लावलीत त्याने. मागच्या आठवड्यात आमचं फोनवर बोलणं झालं."

तिचा हात चकलीपाशी थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, घाईघाईने, आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेली. तिथून ती आणि आणखी दोघी-तिघी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी फराळ संपवला, ताट ठेवलं आणि मुलीला घेऊन घरी आले.